मयत पास्कोल, मुक्काम तुबली

बहरीनला कशाला चाललात, असं गावात मला निदान पन्नास जणांनी विचारलं. "लेकीकडे," म्हटलं की माणसं खूश व्हायची. "आणि आपल्या गावाची वंशावळ तिथे तपासून घ्यायला," असं पुढे जोडलं की तीच माणसं माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघायची.

खारवली हे आमचं वसईकडचं गाव. मी तिथली सून आणि बत्तीस वर्षं शाळेतली बाई. रिटायर झाल्यावर लोक गुडघ्यांना तेल चोळतात. मी आमच्या देवळातल्या जुन्या वह्या उघडल्या. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. तिथे तीन मोठ्या वह्या: बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. कोण जन्मलं, कुणाशी जोडलं गेलं, कधी मातीत गेलं, सगळं त्यात. भाषा कधी पोर्तुगीज, कधी लॅटिन, आणि काही फादरांचं अक्षर असं की माझ्या वर्गात असते तर अंगठे धरून उभे केले असते. चार वर्षं त्या वह्यांत डोकं घालून मी गावातल्या एकूण एक घराची वंशावळ काढली.

लिहिली कशावर? लग्नाच्या पंगतीत टेबलावर अंथरतात ना, तो पांढरा कागदाचा रोल, त्याच्यावर. बारा हात लांब. जिवंत माणूस निळ्या शाईत, आणि मयत असेल तर नावापुढे लाल क्रूस. मी परत आले की त्याचं पुस्तक छापायला जाणार होतं. पण गावातली निम्मी तरणी माणसं आखातात, त्यांच्या पोरांची नावं वहीत कुठून मिळणार? म्हणून हा रोल बॅगेत घालून मी फेब्रुवारीत निघाले. सोबत शेजारणीने दिलेली दोन किलो सुकेळी. आमची ही वाळवलेली केळी एकदा तोंडात गेली की माणूस वसईचा पत्ता विसरत नाही.

विमानतळ

तिथल्या तपासनीसाने बॅगेतून रोल काढला. तरुण, पांढरा शुभ्र गणवेश, दाढी कोरलेली. "ये क्या है, मामा?" मामा म्हणजे त्यांच्याकडे आई, हे मला नंतर कळलं. हिंदी माझं यथातथाच. म्हटलं, "फॅमिली. पूरा गाव का फॅमिली."

पठ्ठ्याने रोल टेबलावर उलगडला. मागची रांग माना उंच करून बघायला लागली. त्याने एकेका रेषेवर बोट फिरवलं आणि मग छातीवर हात ठेवून आपलंच म्हणायला लागला, अमुक बिन अमुक बिन तमुक. सात पिढ्या घडाघडा, पाढे म्हटल्यासारख्या! माझ्या घरी नवऱ्याला पणज्याचं नाव विचारा, डोकं खाजवत बसतो. मला त्या पोराला कडेवर घ्यावंसं वाटलं. शेवटी त्याने विचारलं, "आप किधर?" मी कोपऱ्यातलं माझं नाव दाखवलं. तो हसला, रोल नीट गुंडाळून हातात दिला आणि म्हणाला, "यल्ला मामा, खलास." म्हणजे चला, झालं.

सीफ

माझी लेक लवीना एका कंपनीत अकाउंटंट आहे, जावई हॉटेलात. घर सीफमध्ये, विसाव्या मजल्यावर. खिडकीतून समोरचा मॉल असा दिसतो की हाक मारली तर दुकानदाराने ओ द्यावी; पण तिथे जायचं तर गाडी काढायची! मी पहिल्या दिवशी हट्टाने चालत निघाले. अर्धा तास झाला तरी मी रस्त्याच्या याच बाजूला. शेवटी लवीनाच गाडी घेऊन आली आणि दार उघडलं.

चहाची मात्र या देशात चैन. टपरीसमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, की खिडकीत चहा हजर. त्याला 'करक' म्हणतात, म्हणजे आपला कडकच. वेलची, केशर आणि साखर अशी की डॉक्टरने बघू नये. नाश्त्याला गोड शेवया आणि त्यांच्यावर चक्क ऑम्लेट! बलालीत म्हणतात. पहिला घास मी नाक मुरडून घेतला, तिसऱ्या घासाला ताट पुसलं.

माझी नात नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. रोलमध्ये तिचं नाव सापडलं तर म्हणाली, "आजी, आय ॲम अ लीफ!" बरं वाटलं.

शुक्रवार, मनामा

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थनाही शुक्रवारी. आयुष्यभर रविवारी देवळात जाणाऱ्या बाईला शुक्रवारी ठेवणीतली साडी नेसताना काहीतरी चोरी केल्यासारखं वाटतं. पण मनामातल्या त्या देवळात पाऊल टाकलं आणि थक्कच झाले. मल्याळी, गोवेकर, फिलिपिनो, मंगळूरकर, आणि मधेच "ए, सरक तिकडे" असं अस्सल वसईचं मराठी.

लवीनाने आधीच मोबाइलवरून निरोप फिरवले होते. मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये टेबलं जोडून रोल पसरला आणि मग जो काय गोंधळ उडाला! "आमचं घर कुठंय?" "बाई, माझ्या बारक्याचं नाव राहिलं." "हा बघ, तुझा आजा आणि माझी आजी सख्खी भावंडं, आणि मी तुझ्याकडून गाडी धुवायचे पैसे घेतले!" दोन वर्षं एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन नर्स चुलत बहिणी निघाल्या. त्यांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि मग भांडल्या, की इतके दिवस बोलली का नाहीस. मी मधे पेन घेऊन उभी. आयुष्यात इतकी मिरवले नव्हते.

तेवढ्यात कुणीतरी एका उंच म्हाताऱ्याला पुढे ढकललं. "अंकल, तुम्ही पण खारवलीचे ना? या की." सत्तरी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडेला ऑइलची काळी रेघ.

"कुठलं घर?" मी विचारलं.

"चिंचेखालचे. दुमिंगचा मुलगा."

मी उत्साहाने बोट फिरवत गेले. चिंचेखालचे, पास्कोल, त्याचा मुलगा दुमिंग, दुमिंगची बायको नतालीन, त्यांचा एकुलता एक मुलगा पास्कोल. आणि त्याच्यापुढे, माझ्याच हातचा, ठसठशीत लाल क्रूस.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"पास्कोल."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. "बाईंनी अंकलना मारलं!" म्हातारा हसला नाही. त्याने त्या क्रूसावर अंगठा ठेवला, जणू पुसून जातो का बघावं. "बापाने मला आधीच मेलेला धरलं होतं," तो म्हणाला, "तुम्ही शाईनं लिहिलंत. बरं केलंत." आणि निघून गेला.

मी मारलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर पार्किंगमध्ये गेला, गाडीत बसला आणि गाडी चालवत गेला. बत्तीस वर्षं हजेरी घेतली, हजर पोराला कधी गैरहजर लावलं नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन बॅगेतली टिपणवही काढली. रोलवर जागा नसते म्हणून सगळे तपशील मी त्या वहीत ठेवते. दफनाची नोंद सापडली: पास्कोल, दुमिंगचा मुलगा, वय आठ महिने.

आठ महिने! हे तर तान्हं बाळ. मग हा सहा फुटी म्हातारा कोण?

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे पहिल्या नातवाला आज्याचंच नाव. तो नातू गेला तर नाव मोकळं राहू देत नाहीत. पुढच्या मुलाला तेच देतात. आणि पहिलं मूल असं हातचं गेलेलं, म्हणून दुसऱ्या खेपेला बाईला माहेरी नेलं असणार. बाळंतपण माहेरी की बाप्तिस्मा माहेरच्या देवळात, नोंद त्या गावच्या वहीत. आमच्या वहीत फक्त पहिला पास्कोल, जन्मलेला आणि पुरलेला. हिशोब इतका चोख जुळला की मला शंकाच आली नाही. माझी स्वतःची लवीना माझ्या माहेरी जन्मली, तिकडेच तिचा बाप्तिस्मा झाला, आणि हे मला सुचू नये!

त्याहून वाईट म्हणजे, इनास, माझा नवरा, मला बोलला होता. "दुमिंगचा एक मुलगा तिकडे आखातात होता बहुतेक." त्यावर मी काय म्हणाले असेन? "वहीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" घ्या!

तुबली

दुसऱ्या दिवशी लवीनाला गाडी काढायला लावून तुबली गाठलं. खाडीकाठची वस्ती, गॅरेजांची रांग, सगळीकडे ठोकाठोक. पास्कोलचं गॅरेज सापडलं, पण पास्कोल एका गाडीखाली. बाहेर फक्त दोन पाय.

त्याची बायको अन्नम्मा खुर्चीत बसली होती. केरळची, इथल्याच हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर. तिने मला स्टूल दिलं आणि पायांकडे बोट केलं. "कल से ऐसाच. खाना भी नहीं खाया."

मग मी त्या पायांशीच बोलले. काय करणार? "भावजी, मी इनासची बायको. चूक माझी आहे. तो क्रूस तुमचा नाही, तुमच्या थोरल्या भावाचा आहे."

पाना वाजायचा थांबला. "मला भाऊ नव्हता."

"होता. तुमच्या आधी. आठ महिन्यांचा होऊन गेला. त्याचंही नाव पास्कोल."

"वहिनी, समजूत काढायला गोष्टी रचू नका."

"बत्तीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारल्यात. मी रचीन?"

तो हळूहळू गाडीखालून बाहेर सरकला, पण उठला नाही. तसाच पाठीवर पडून छताकडे बघत बोलला. आई तो पाच वर्षांचा असताना गेली. बापाने एकट्याने वाढवलं. तो इथे आला, अन्नम्माशी लग्न ठरवलं, तर बापाने पत्र धाडलं की परमुलखातली मुलगी करशील तर इकडे तोंड दाखवू नकोस. "राग होता, निवळला असता," तो म्हणाला. "मी जाणारही होतो. तिकीट काढलेलं. तेवढ्यात गावचा एक दोस्त सुट्टीवरून आला. म्हणाला, पास्कू, दोन नोव्हेंबरला देवळात मयतांची यादी वाचली. तुमच्या घरातनं पास्कोल हे नाव दोनदा आलं. एक तुझा आजा. दुसरा कोण?"

दोन नोव्हेंबर हा आमचा सगळ्या मयतांचा दिवस. घरोघरची माणसं आपल्या मेलेल्यांची नावं लिहून देतात आणि फादर ती मिस्सेत मोठ्याने वाचतात.

"मग तुम्ही वडलांना विचारलं नाहीत?"

"काय विचारू? बाबा, मी मेलोय का?"

त्याने तिकीट फाडलं. पुढे बाप वारल्याची तार आली तेव्हाही गेला नाही. मेलेला माणूस कसा जाणार, असं म्हणाला आणि उठून हात पुसायला लागला. अन्नम्माने डोळे पुसले. "पैंतालीस साल," ती म्हणाली, "मैं समझी, मेरे वास्ते ये अपना गाव छोड़ा."

म्हणजे घोडं इथे अडलं होतं. बाळाची नोंद दाखवून भागणार नव्हतं. दुमिंगने त्या यादीत कुणाचं नाव दिलं होतं, तान्ह्या मुलाचं की तरण्या मुलाचं, हे मला दाखवायला हवं होतं. मी सुकेळ्यांची एक पुडी टेबलावर ठेवली. पास्कोलने तिला हातही लावला नाही.

गाडीत बसल्या बसल्या मी इनासला फोन केला. आमच्या देवळात सांक्रिस्तानच्या, म्हणजे देवळाची देखभाल करणाऱ्याच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या तुकड्यांखाली, मयतांच्या यादीच्या जुन्या वह्या पडलेल्या असतात. त्यांना कुणी दप्तर मानत नाही; मीही मानलं नव्हतं. पूर्वी प्रत्येक घरचा कर्ता स्वतःच्या हाताने त्यात लिहायचा. "चिंचेखालचे, दुमिंग. जुनी पानं बघा," मी म्हटलं.

"म्हणजे त्याचा मुलगा आखातात आहे?" इनास म्हणाला.

"हो."

"मी सांगितलं होतं."

"हो हो, सांगितलं होतं! आता जाता का कपाटाकडे?"

बाब अल बहरीन

दोन दिवस काही निरोप नाही. इनासला धुळीची ॲलर्जी. शिंकांचे तेवढे निरोप येत होते. लवीनाला माझी येरझार बघवेना, म्हणून ती मला बाब अल बहरीनच्या बाजारात घेऊन गेली. ती मोठी कमान ओलांडली की सोनं, कापड, मसाले, अत्तरं, आणि दुकानदार "आवो मावशी" म्हणणारा. मला हायसं वाटलं. इथला हलवा वाडग्यात मिळतो, केशरी, लिबलिबीत, तुपाने चमकणारा, बदाम घातलेला. चमच्याने खायचा. एक चमचा चवीला मागितला, तर दुकानदाराने तिघांना पुरेल एवढा दिला आणि पैसे घेईना. आमच्या बाजारात चवीला बोर मागा, बाई टोपली झाकते.

कापडाच्या दुकानात मी नातीसाठी रेशमी कापड बघत होते आणि फोन वाजला. फोटो. एक, दोन, पाच, नऊ. पिवळी पानं आणि त्यांच्यावर वाकडं, जड, शेतात राबणाऱ्या माणसाचं अक्षर.

चष्मा लावून वाचलं आणि दुकानात मोठ्याने ओरडले, "अगं बाई गं!" दुकानदाराला वाटलं कापड फाटलं. "लवीना, गाडी काढ. तुबली!"

"अगं, पण कापड..."

"खलास कापड!"

पुन्हा तुबली

पास्कोल या वेळी गाडीखाली नव्हता. मी फोन त्याच्यासमोर धरला. "हे अक्षर कुणाचं?"

त्याने लांबून पाहिलं, मग जवळून, मग फोन माझ्या हातातून घेतला. "बाबांचं. 'क' असा उलटा तेच काढायचे."

"वाचा."

तो बोटाने ओळ धरून वाचू लागला, शाळेतल्या पोरासारखा. "पास्कोल, बाप. नतालीन, बायको. पास्कोल..." आणि थांबला.

"वाचा ना भावजी."

"पास्कोल, बाळ."

फादर नुसती नावं वाचतात. बाप, बायको, बाळ असलं काही वाचत नाहीत. दोस्ताने ऐकलं ते खरंच होतं; बाकीचं सगळं कागदावरच राहून गेलं होतं.

"आता हे पान बघा, किती जुनं आहे. तुम्ही तेव्हा चौथीत असाल. आणि या पानाच्या वेळी सातवीत. बापाच्या शेजारी बाकावर बसून तुम्ही हे नाव ऐकलंय, दर वर्षी! आज्याचं नाव दोनदा येतं हे लहान पोराच्या कुठे लक्षात राहणार? आणि हे शेवटचं, तुमच्या लग्नानंतरचं. काही बदललंय? तीच तीन नावं. तुमचं नाव त्यांनी यात कधीच घातलं नाही, भावजी. एकदाही नाही."

तो खुर्चीत बसला. पान मोठं करत, लहान करत किती वेळ बघत राहिला. मग त्याने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तो हसायला लागला. आधी खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. "अन्नम्मा," तो म्हणाला, "मैं ज़िंदा हूँ!"

"मालूम है," ती म्हणाली. "बिजली का बिल तुम्हारे नाम से आता है."

त्यानंतर मला जेवल्याशिवाय सोडतात थोडेच? अन्नम्माने माशाचं लाल कालवण केलं, कुडमपुली नावाचं त्यांचं आंबट सोल घातलेलं. मी तिला आमच्या आंबोशीचं सांगितलं. शेजारचा बहरीनी गॅरेजवाला काय झालं बघायला आला, तर त्यालाही बसवलं. पास्कोलने त्याला सगळी कथा अरबीत ऐकवली, मधेमधे रडत. तो हात वर करून म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला!" आणि पातेल्यातला मोठा तुकडा पास्कोलच्याच ताटात वाढला. शेवटी पास्कोलने ती सुकेळ्यांची पुडी उघडली. एक खाल्लं आणि डोळे मिटून बसला. सगळी पुडी त्याने एकट्याने संपवली, लाजलासुद्धा नाही.

निघताना मी रोल उलगडला. लाल क्रूसापुढे लिहिलं, 'बाळ'. शेजारी नवी रेघ ओढून पेन त्याच्या हातात दिलं. त्याने निळ्या शाईत नाव लिहिलं, पास्कोल, आणि जोडून अन्नम्मा. त्याचा 'क' उलटा होता. मी बाई असूनही सुधारला नाही.

खारवली

पुस्तक छापलं. चूक एकच राहिली, ती माझ्या माहेरच्या नावात, त्यामुळे कुणी बोललं नाही. गावात ही कथा माझ्याआधीच पोचली होती. इनास ती "मी सांगितलं होतं" पासून सुरू करतो.

ऑक्टोबर संपता संपता पास्कोल आणि अन्नम्मा आले. हॉटेलात उतरतो म्हणत होते. इनासने त्यांची बॅगच उचलून आमच्या घरात टाकली. दोन नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी देवळाच्या ओसरीवर मयतांची नावं घ्यायला दर वर्षी मीच बसते. आता वही नाही, छापील चिठ्ठ्या असतात. पास्कोल रांगेत उभा राहिला, पाळी आल्यावर वाकून चिठ्ठी भरली आणि माझ्याकडे न बघता पेटीत टाकली. दुमिंग गेल्यापासून त्या घराचं नाव यादीत कुणी दिलंच नव्हतं.

संध्याकाळी आमचे नवे फादर चिठ्ठ्या लावून घेत होते. तरुण आहेत, बाहेरगावचे. एका चिठ्ठीशी थबकले.

"बाई, ही परत करा. काहीतरी घोटाळा झालाय."

मी पाहिली. मयतांची नावं: दुमिंग, नतालीन, पास्कोल बाळ. खाली, नावं देणारा: पास्कोल, धाकटा भाऊ. उलटा 'क' दोन्हीकडे.

"मयताचं नाव आणि देणाऱ्याचं नाव एकच," फादर म्हणाले. "माणूस एकच दिसतोय."

"नाही फादर," मी म्हटलं, "दोन आहेत. मी बहरीनला जाऊन तपासून आलेय. आणि उद्या वाचताना 'बाळ' सोडू नका."